दमा ओळखण्यासाठीच्या श्वासाच्या चाचण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दम्याच्या निदानाबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ आला, तर तो क्रमांक पाहा.

१. डॉक्टरांनी ‘फुंकण्याची टेस्ट’ सांगितली आहे. त्यात नेमकं मोजतात काय?

बहुतेक वेळा ही टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री. काही ठिकाणी तिला पीएफटी म्हणतात. छाती पूर्ण भरून घेतलेला श्वास तुम्ही जोरात आणि शेवटपर्यंत सोडता, आणि यंत्र दोन गोष्टी मोजतं. एकूण किती हवा बाहेर आली, ती एफव्हीसी. त्यातली पहिल्या एका सेकंदात किती आली, ती एफईव्ही-१. दम्यात श्वासनलिका आवळतात, त्यांना आतून सूज येते आणि चिकट कफ साठतो. त्यामुळे हवा शेवटी जवळपास तेवढीच बाहेर पडली तरी पहिल्या सेकंदातला वाटा घटतो.

पण नळ्या अरुंद झाल्या एवढ्यावरून दमा ठरत नाही. त्या कधी अरुंद, कधी मोकळ्या होतात का, हे पाहावं लागतं. खालच्या जवळजवळ सगळ्या चाचण्या हा चढउतार पकडण्यासाठीच आहेत.

२. तीन चेंडूंचं यंत्र घरी आहे, ऑक्सिमीटरही आहे. त्यावरून कळणार नाही का?

नाही. तीन चेंडूंचं यंत्र श्वास आत ओढण्याच्या व्यायामासाठी असतं. दम्यात अडचण येते ती श्वास बाहेर सोडताना. दमा असलेला माणूस तिन्ही चेंडू सहज वर उचलू शकतो.

ऑक्सिमीटरचा आकडा दम्यात बहुतेक वेळ नॉर्मलच असतो. तो घसरला तर झटका गंभीर आहे असं समजायचं, निदानासाठी त्याचा उपयोग नाही. श्वास किती सेकंद रोखता येतो, यावरूनही दमा ठरत नाही. घरी उपयोगी पडणारं साधन एकच, पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा सर्वांत जास्त वेग मोजणारं छोटं यंत्र (प्रश्न ९).

३. टेस्टच्या आधी पंप बंद ठेवायचा का? किती तास?

पहिल्यांदा निदान करायचं असेल तर हो, कारण पंपाचा असर असताना नळ्या मोकळ्याच दिसतील. साल्ब्युटामॉल आणि लेव्होसाल्ब्युटामॉलसारखे तात्पुरत्या आरामाचे पंप ४ ते ६ तास आधी थांबवतात. इप्राट्रोपियम १२ तास. फॉर्मोटेरॉल आणि साल्मेटेरॉल २४ तास. इंडाकॅटेरॉल, व्हिलँटेरॉल आणि ओलोडॅटेरॉल ३६ तास. टायोट्रोपियम आणि ग्लायकोपायरोनियम ३६ ते ४८ तास.

गोंधळ होतो तो जोडऔषधांच्या पंपांत. ब्युडेसोनाइडसारखं नुसतं स्टिरॉइड असलेला पंप या टेस्टसाठी थांबवावा लागत नाही. पण त्याच डब्यात फॉर्मोटेरॉल असेल तर २४ तासांचा नियम लागू होतो. डब्यावरची दोन्ही नावं वाचा.

मधल्या काळात धाप लागली तर पंप घ्यायचा, टेस्टसाठी सहन करत बसायचं नाही. कोणता पंप किती वाजता घेतला ते टेक्निशियनला सांगा. ते रिपोर्टवर लिहिलेलं असेल तर डॉक्टर आकडे त्या हिशेबाने वाचतात. लिहिलेलं नसेल तर ‘नॉर्मल’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

४. टेस्टच्या दिवशी आणखी काय पाळायचं?

टेस्टच्या आधीचा एक तास धूम्रपान, व्हेपिंग आणि जोराचा व्यायाम टाळा. मद्य आधीचे ८ तास नको. छाती-पोटावर घट्ट कपडे घालू नका आणि पोट तुडुंब भरून जाऊ नका. कवळी पक्की बसत असेल तर राहू द्या, कारण ती काढली की ओठांची पकड सैल होते. सैल कवळी मात्र काढून ठेवा.

उपाशी राहायची गरज नाही. रक्ततपासणीशी गल्लत होऊन बरेच जण उपाशीपोटी येतात आणि चौथ्या फुंकीला त्यांना भोवळ येते.

५. टेस्ट प्रत्यक्षात कशी होते? पुन्हा पुन्हा का फुंकायला लावतात?

हात असलेल्या खुर्चीत ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात. छाती पूर्ण, अगदी गच्च भरेपर्यंत श्वास घ्यायचा. ओठ माउथपीसभोवती घट्ट मिटायचे, जीभ आड येऊ द्यायची नाही. मग क्षणभरही न थांबता जोरात सोडायचं आणि आता काहीच उरलं नाही असं वाटल्यावरही सोडत राहायचं. यंत्रावरची रेषा सपाट झाली की फुंक पूर्ण झाली. ती सपाट होतच नसेल तर १५ सेकंदांनी थांबवतात.

अशा किमान तीन निर्दोष फुंकी लागतात. त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकींमध्ये एफईव्ही-१ चा फरक १५० मिलिलिटरपेक्षा जास्त नसावा, एफव्हीसीचाही नसावा. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत ही मर्यादा साधारण १०० मिलिलिटर आहे. मोठ्या माणसाच्या आठ फुंकी झाल्या की सहसा थांबतात, कारण दमलेल्या माणसाकडून पुढे चांगली फुंक निघत नाही.

कोणती चूक काय बिघडवते, हे माहीत असलेलं बरं. छाती पूर्ण न भरता फुंकलं तर दोन्ही आकडे कमी येतात, गुणोत्तर (एफईव्ही-१ भागिले एफव्हीसी) मात्र ठीक राहतं. मग फुप्फुसंच लहान आहेत की काय असा संशय येतो आणि नको त्या तपासण्या मागे लागतात. सुरुवातीला चाचपडत सोडलं तर एफईव्ही-१ खोटा येतो. पहिल्या सेकंदात खोकला आला तर ती फुंक बाद. सर्वांत फसवी चूक म्हणजे लवकर थांबणं. त्यात एफव्हीसी कमी नोंदली जाते, त्यामुळे गुणोत्तर फुगतं आणि असलेला अडथळा लपतो. म्हणून टेक्निशियन ‘अजून, अजून, अजून’ म्हणून ओरडत असेल तर तो त्याचं काम नीट करतो आहे. गप्प बसणारा टेक्निशियन असेल, तर रिपोर्टकडे थोडं संशयानेच पाहावं.

६. रिपोर्टमध्ये आकड्यांची रांगच रांग आहे. पाहायचं कुठे?

आधी एफईव्ही-१ भागिले एफव्हीसी हे गुणोत्तर पाहा. मोठ्या माणसांत ते सहसा ०.७५ ते ०.८० च्या वर असतं, मुलांत ०.९० च्या वर. बऱ्याच रिपोर्टांत ०.७० खाली म्हणजे अडथळा, असा सरसकट नियम लावलेला असतो. वयाबरोबर हे गुणोत्तर आपोआप उतरतं, म्हणून त्या नियमाने म्हाताऱ्या माणसांना नसलेला आजार चिकटतो आणि तरुणांतला असलेला सुटतो. दहा वर्षांच्या मुलाचं गुणोत्तर ०.७२ असेल तर ०.७० च्या नियमाने ते नॉर्मल, प्रत्यक्षात कमी. म्हणून वय, उंची आणि लिंग धरून काढलेली ‘किमान नॉर्मल मर्यादा’ पाहायची. रिपोर्टवर झेड-स्कोअर (आकडा अपेक्षित सरासरीपासून किती दूर आहे, याचं माप) असेल तर उणे १.६४ च्या खालचा आकडा कमी समजतात.

मग फुंकीच्या वेगाचा आलेख पाहा. निरोगी माणसाच्या आलेखाची उतरती बाजू साधारण सरळ रेषेत येते. नळ्या अरुंद असतील तर तीच बाजू चमच्याने कोरल्यासारखी आत दबलेली दिसते. एफईव्ही-१ ची टक्केवारी, म्हणजे तुमच्या वय, उंची आणि लिंगाप्रमाणे अपेक्षित आकड्याच्या किती टक्के आला, ती शेवटी पाहायची. ती अडथळा किती मोठा आहे हे सांगते. अडथळा आहे की नाही, हे गुणोत्तरावरूनच ठरतं.

७. टेस्ट झाल्यावर पंप दिला आणि पुन्हा फुंकायला लावलं. तेच ते दोनदा कशाला?

दमा शोधण्याच्या दृष्टीने खरी टेस्ट हीच. पहिल्या फुंकींनंतर साल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० चे चार झोत, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) एकेक करून देतात. १० ते १५ मिनिटं थांबून पुन्हा तीन फुंकी. आवळलेल्या नळ्या औषधाने मोकळ्या झाल्या का, ते त्यातून कळतं.

रूढ नियम असा, की एफईव्ही-१ आधीच्या आकड्याच्या १२ टक्के आणि शिवाय किमान २०० मिलिलिटर वाढला पाहिजे. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. आधी १.०० लिटर आणि नंतर १.१५ लिटर असेल, तर वाढ १५ टक्के झाली खरी, पण ती १५० मिलिलिटरच, म्हणून पुरेशी नाही.

युरोप आणि अमेरिकेच्या श्वसनविकार संस्थांनी २०२१ मध्ये वेगळा नियम दिला. त्यात वाढ त्या माणसाच्या अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त हवी. यामुळे एकाच रिपोर्टवर दोन मतं निघू शकतात. समजा आधी २.०० लिटर, नंतर २.२६, आणि अपेक्षित आकडा ३.००. जुन्या नियमाने वाढ १३ टक्के आणि २६० मिलिलिटर, म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह. नव्या नियमाने २६० भागिले ३०००, म्हणजे ८.७ टक्के, म्हणून निगेटिव्ह. असा काठावरचा रिपोर्ट हाती आला तर नियमावर वाद घालण्यापेक्षा लक्षणं असताना पुन्हा टेस्ट केलेली बरी.

पंपानंतर हात थरथरतात, छातीत धडधडतं. ते थोड्या वेळात ओसरतं.

८. रिपोर्ट नॉर्मल आला. पण पहाटे खोकल्याने जाग येते. म्हणजे दमा नाही ना?

असं म्हणता येत नाही. सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेला प्रश्न हा आहे.

दम्यात नळ्या पहाटेच्या सुमारास सर्वांत अरुंद असतात. टेस्ट होते दिवसा, त्यातही बरेचदा बरं वाटत असताना किंवा नुकताच पंप घेऊन झाल्यावर. अशा वेळी आकडे नॉर्मल येणं दम्यात अगदी सामान्य आहे. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ इतकाच, की त्या तासाला नळ्या मोकळ्या होत्या.

पुढे काय करायचं, हे लक्षणांवरून ठरतं. घरघर, धाप, छाती आवळणं आणि खोकला यांतली एकापेक्षा जास्त लक्षणं असतील, ती कमीजास्त होत असतील, रात्री, पहाटे, हसताना, थंड हवेत किंवा सर्दीनंतर वाढत असतील, तर शोध थांबवायचा नाही. लक्षणं असतील त्या दिवशी स्पायरोमेट्री पुन्हा करता येते. घरी पीक फ्लोची वही ठेवता येते (प्रश्न ९ आणि १०), फेनो करता येते (प्रश्न ११). तरीही उत्तर मिळालं नाही तर प्रोव्होकेशन टेस्ट (प्रश्न १२). काही महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन स्पायरोमेट्रींतला मोठा फरकही पुरावा ठरतो, म्हणून जुना रिपोर्ट फेकू नका.

उलट बाजूही आहे. फक्त कोरडा खोकला, बाकी काही नाही, आणि सगळ्या चाचण्या साफ, असं असेल तर नाकातून घशात उतरणारा स्राव, पोटातलं आम्ल वर येणं किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या (रॅमिप्रिल, एनॅलाप्रिल या गटातल्या) ही कारणं आधी तपासतात.

९. पीक फ्लो मीटर नीट कसं वापरायचं?

काटा शून्यावर आणा. उभे राहा किंवा ताठ बसा. छाती पूर्ण भरा, ओठ घट्ट मिटा आणि एकच जोरदार, छोटी फुंक मारा. इथे स्पायरोमेट्रीसारखं शेवटपर्यंत सोडत राहायचं नाही. मेणबत्त्या विझवायच्या जोराने एक झटका पुरे. तीनदा करा आणि तीनांतला सर्वांत मोठा आकडा लिहा. सरासरी काढू नका.

नेहमीच्या चुका अशा : बोट काट्याच्या खाचेत अडकतं आणि आकडा कमी येतो. थुंकल्यासारखी जिभेने फुंक मारली तर तो खोटाच वाढतो. मध्येच मीटर बदललं तर वहीतली तुलनाच मोडते, कारण दोन मीटरचे आकडे जुळतीलच असं नाही. जुनी ‘राइट’ मापपट्टी आणि नंतरची युरोपीय मापपट्टी यांचे आकडे तर मुळातच वेगळे असतात. पूर्ण नोंद एकाच मीटरवर करा.

पंप घेण्याआधी मोजा. पंपानंतर मोजलंच तर वेगळ्या रकान्यात लिहा.

१०. पीक फ्लोच्या नोंदीवरून दमा कसा ठरवतात? हिशेब समजत नाही.

एक ते दोन आठवडे रोज सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी मोजायचं. प्रत्येक दिवसाच्या मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा आणि त्याला दोघांच्या सरासरीने भागायचं. सकाळी ३८०, संध्याकाळी ४४० असेल तर फरक ६०, सरासरी ४१०, म्हणजे १४.६ टक्के. सगळ्या दिवसांच्या टक्केवारीची सरासरी काढली की तो तुमचा चढउतार.

दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत (‘जिना’) मोठ्यांत १० टक्क्यांपेक्षा आणि मुलांत १३ टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार हा दम्याच्या बाजूचा पुरावा मानतात. ब्रिटनच्या २०२४ च्या सूचनांत ही रेषा २० टक्क्यांवर आहे. रेषा खाली ठेवली तर दमा सुटत नाही, पण नसलेल्यांनाही तो लागतो. वर ठेवली की उलट. म्हणून १२ टक्के आले तर वही आणि लक्षणं एकत्र पाहूनच ठरवावं लागतं.

सगळे आकडे एकाच बैठकीत भरलेली वही डॉक्टरांना लगेच ओळखू येते. सगळीकडे गोल आकडे आणि एकाच पेनाची शाई! एखादा दिवस राहिला तर रकाना कोरा सोडा.

११. फेनो टेस्ट काय असते? ती एकटी पुरेशी आहे का?

श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण त्यात मोजतात. ॲलर्जीच्या प्रकारची सूज नळ्यांत असेल तर ते वाढतं. छाती भरून घेऊन संथ, एकसारख्या वेगाने सोडायचं, सेकंदाला ५० मिलिलिटर. मोठ्यांना साधारण १० सेकंद, लहानांना ६ सेकंद. पडद्यावरचं चित्र मधोमध ठेवलं की वेग बरोबर राहतो. नाकाला चिमटा लावत नाहीत. नाकातली हवा मिसळू नये म्हणून यंत्र श्वासाला किंचित अडवतं, आणि त्या दाबाने टाळूचा मागचा भाग आपोआप मिटतो. स्पायरोमेट्री आणि फेनो एकाच दिवशी असतील तर फेनो आधी करायची, कारण जोराच्या फुंकींनी तिचा आकडा उतरतो.

मोठ्यांत ५० पीपीबीच्या (अब्जात किती भाग, हे एकक) वर आणि मुलांत ३५ च्या वर आकडा असेल तर अशी सूज असण्याची शक्यता जास्त. मोठ्यांत २५ खाली आणि मुलांत २० खाली असेल तर ती कमी. मधला पट्टा संदिग्ध.

एकट्या फेनोवर विसंबू नये, कारण आकडा बाहेरच्या गोष्टींनी हलतो. धूम्रपानाने आणि स्टिरॉइडच्या पंपाने तो उतरतो. ॲलर्जीच्या सर्दीने दमा नसतानाही वाढतो. पालक, बीट यांसारख्या नायट्रेट जास्त असलेल्या भाज्यांनीही वाढतो, म्हणून आधीचा तासभर काही खाऊ-पिऊ नये. शिवाय काही जणांच्या दम्यात या प्रकारची सूज नसतेच. त्यांचा फेनो कमी येतो आणि तरी दमा असतो. रक्तातल्या इओसिनोफिल पेशींचंही (ॲलर्जीत वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असंच आहे. वाढल्या तर निदानाला आधार मिळतो, नाही वाढल्या म्हणून दमा नाही असं होत नाही.

१२. प्रोव्होकेशन टेस्ट म्हणजे मुद्दाम दमा उठवतात का? धोका नाही ना?

नळ्या किती लवकर आवळतात, ते त्यात पाहतात. मेथाकोलीन या नळ्या आवळणाऱ्या औषधाची वाफ अगदी कमी मात्रेपासून टप्प्याटप्प्याने देतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर एफईव्ही-१ मोजतात. तो २० टक्के उतरला की टेस्ट थांबवून पंप देतात. ४०० मायक्रोग्रॅमपर्यंतच्या एकूण मात्रेत एवढी घट झाली नाही तर प्रतिसाद नॉर्मल समजतात.

सोय असलेल्या केंद्रात, डॉक्टर हजर असताना ती सुरक्षित आहे. एफईव्ही-१ मुळातच अपेक्षितच्या ६० टक्क्यांखाली किंवा मोठ्या माणसात दीड लिटरखाली असेल तर ती करत नाहीत. पंप थांबवण्याचे तास इथे वेगळे असतात. टायोट्रोपियमसारखं औषध तर आठवडाभर आधी बंद लागतं, तेव्हा प्रश्न ३ मधली यादी इथे लावू नका.

लक्षणं चालू आहेत, स्टिरॉइड सुरू नाही आणि ही टेस्ट निगेटिव्ह आली, तर दमा असण्याची शक्यता फार कमी. पॉझिटिव्ह निकाल तेवढा ठाम नसतो, कारण ॲलर्जीची सर्दी असलेल्यांत आणि धूम्रपान करणाऱ्यांतही तो येऊ शकतो.

१३. फक्त धावल्यावर धाप लागते. बसून केलेल्या टेस्टमध्ये ते कसं दिसणार?

बहुधा दिसणार नाही. त्यासाठी व्यायामाची टेस्ट असते. नाकाला चिमटा लावून ट्रेडमिलवर ६ ते ८ मिनिटं, नाडी कमाल वेगाच्या ८० ते ९० टक्क्यांवर जाईल इतक्या जोराने पळवतात. त्यानंतर अर्धा तास ठराविक अंतराने स्पायरोमेट्री करतात. मोठ्यांत एफईव्ही-१ १० टक्के आणि २०० मिलिलिटरपेक्षा जास्त उतरला, मुलांत १२ टक्क्यांपेक्षा जास्त उतरला, तर दम्याचा पुरावा. वेळही लक्षात घ्या. दम्याची धाप बहुधा थांबल्यावर काही मिनिटांनी वाढते. ऐन पळताना लागून थांबताच सुटणारी धाप असेल तर प्रश्न १७ पाहा.

१४. मूल चार वर्षांचं आहे. त्याची टेस्ट होईल का?

स्पायरोमेट्री साधारण पाच-सहा वर्षांपासून भरवशाने जमते. त्याआधी डॉक्टर घरघर किती वेळा येते, सर्दीशिवायही येते का, घरात ॲलर्जी आहे का आणि औषधाने फरक पडतो का, यावर मुख्य भर देतात. काही केंद्रांत ऑसिलोमेट्री असते, म्हणजे हवेच्या हलक्या स्पंदनांनी नळ्यांतला अडथळा मोजणारी टेस्ट. तिच्यात मूल शांतपणे श्वास घेत राहतं आणि कोणीतरी त्याचे गाल दोन्ही हातांनी धरून ठेवतं. तीन वर्षांच्या मुलांतही ती जमू शकते. मूल टेस्ट करण्याइतकं मोठं झालं की निदान पुन्हा तपासून घ्या.

१५. टेस्ट न करताच पंप सुरू झाला आणि आता बरं आहे. आता टेस्टचा उपयोग आहे का?

आहे, पण निकाल नॉर्मल येण्याची शक्यता वाढलेली असते, कारण स्टिरॉइडने सूज उतरलेली असते. म्हणूनच शक्य असेल तिथे औषधाआधी टेस्ट करावी. तीव्र झटका असेल तर मात्र आधी उपचार.

उपचाराआधीचा एखादा रिपोर्ट असेल तर काम सोपं होतं. साधारण चार आठवड्यांच्या स्टिरॉइडनंतर एफईव्ही-१ १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढला असेल तर तोच पुरावा. तसा रिपोर्ट नसेल तर डॉक्टर स्टिरॉइडचा डोस २५ ते ५० टक्के उतरवून २ ते ४ आठवड्यांत पुन्हा तपासतात. हे त्यांच्या देखरेखीखालीच करायचं. स्वतःहून पंप बंद करून ‘पाहू काय होतं ते’ हा प्रयोग झटक्यावर जाऊ शकतो.

१६. बरीच वर्षं धूम्रपान केलं आहे. हा दमा की सीओपीडी?

एका टेस्टवरून नेहमीच सांगता येत नाही. पंपानंतरही गुणोत्तर कमीच राहिलं तर सीओपीडीचा (बहुधा धूम्रपानाने होणारा, नळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार) संशय वाढतो, पण जुन्या दम्यातही तसं होतं. पंपानंतर आकडे पूर्ण नॉर्मल झाले तर सीओपीडी नाही. एफईव्ही-१ ४०० मिलिलिटरपेक्षाही जास्त उसळला तर पारडं दम्याकडे झुकतं. काही जणांत दोन्ही असतात.

१७. रिपोर्टवर ‘श्वास आत घेण्याचा भाग चपटा’ असं लिहिलं आहे. म्हणजे काय?

आलेखाचा खालचा अर्धा भाग श्वास आत घेण्याचा. तो गोलाकार यायला हवा. चपटा आला तर अडथळा छातीच्या नळ्यांत नसून स्वरयंत्रापाशी असू शकतो. श्वास घेताना स्वरतंतू उघडायच्या ऐवजी मिटत असतील तर आवाज घशातून येतो, आत घेताना येतो आणि पंपाने फरक पडत नाही. अशा लोकांना वर्षानुवर्षं दम्याची औषधं वाढवत नेली जातात. नीट जोर न लावता श्वास घेतला तरी आलेख असाच येतो, म्हणून आधी टेस्ट पुन्हा करतात आणि मग दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहतात.

१८. कामावर असताना त्रास होतो, सुट्टीत बरं वाटतं. कशी तपासणी करायची?

इथे पीक फ्लोची वही सर्वांत उपयोगी, पण प्रश्न १० पेक्षा दाट. दिवसातून किमान चार वेळा, साधारण चार आठवडे, आणि त्यात कामाचे आणि सुट्टीचे दोन्ही दिवस हवेत. प्रत्येक नोंदीपुढे शिफ्ट, काम आणि घेतलेला पंप लिहा. ही नोंद नोकरी बदलण्याआधी करायची. त्रासाच्या जागेपासून दूर गेल्यावर पुरावा मिळवणं अवघड होतं.

१९. ही टेस्ट कोणी करू नये?

जोरात फुंकताना छाती, पोट, डोळे आणि मेंदू यांवरचा दाब वाढतो. म्हणून हृदयविकाराचा झटका किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन आठवडा झाला नसेल, मेंदू, छाती किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेला चार आठवडे झाले नसतील, फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा क्षयाचा संशय असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. यातल्या बहुतेक वेळा टेस्ट फक्त पुढे ढकलतात. गरोदरपणात करता येते, शेवटच्या दिवसांत विचारून.

२०. दोन ठिकाणी केली, टक्केवारी वेगळी आली. कोणती खरी?

आधी लिटरमधले आकडे जुळवा. ते जवळपास सारखे असतील तर फरक अपेक्षित आकड्याच्या सूत्राचा आहे. वेगवेगळी यंत्रं वेगवेगळी सूत्रं वापरतात, आणि सूत्राचं नाव सहसा रिपोर्टच्या कोपऱ्यात असतं. उंची चुकीची टाकली तरी टक्केवारी हलते, म्हणून ती विचारून न लिहिता मोजूनच घ्यायला सांगा.

लिटरच वेगळे असतील तर फुंकींची गुणवत्ता (प्रश्न ५), आधी घेतलेला पंप (प्रश्न ३) आणि दिवसाची वेळ पाहा. यंत्राची तपासणी ३ लिटरच्या सिरिंजने वापराच्या दिवशी रोज व्हायला हवी, आणि चूक ३ टक्क्यांच्या आत असावी. ती केव्हा झाली, हे बिनधास्त विचारा. हे सगळं ठीक असूनही दोन वेगळ्या दिवशी एफईव्ही-१ मध्ये १२ टक्के आणि २०० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक असेल, आणि मधे सर्दी-पडसं नसेल, तर दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. दोन्ही एकत्र डॉक्टरांना दाखवा. तोच फरक दम्याचा पुरावा असतो.